डेल्फीना कुणाच्या वाट्याला

९ जानेवारी १८७२, मंगळवार

आज शपथ झाली. शुभवर्तमानावर हात ठेवून मी म्हटलं, की बाबांच्या मागे जे काही उरलं आहे त्याची खरी यादी देईन, काही लपवणार नाही, काही वाढवणार नाही. न्यायाधीशांनी विचारलं, "समजलं ना, देओलिंदाबाई?" मी हो म्हटलं. काय समजलं ते मळ्यावर परत येईपर्यंत निम्मं विसरले, म्हणून ही वही काढली. रोजचं रोज लिहून ठेवलं तर गोंधळ कमी होईल.

बाबांना मुलगा नाही. आई जाऊन अकरा वर्षं झाली. आम्ही दोघी बहिणी, आणि उम्बेलीना ताई दहा दिवसांच्या वाटेवर, रिओ क्लारोला. त्यामुळे यादीचं काम माझ्यावर आलं. मला अडतिसावं चालू आहे आणि आजवर साखरेच्या कपाटाची किल्ली सोडून मी कशाचीच जबाबदारी घेतलेली नाही.

पेद्रा मान्सा या आमच्या मळ्याची जमीन, घर, कॉफीची झाडं, खेचरं आणि एक्केचाळीस गुलाम माणसं. सगळ्याचे दोन सारखे भाग व्हायचे आहेत. झाडांचे कसे सारखे भाग करतात ते मला कळतं. एका टेकडीवर थोरली झाडं असली तर दुसऱ्या टेकडीवर जास्त द्यायची. माणसांचं कसं करतात ते विचारायला हवं.

१२ जानेवारी, शुक्रवार

बाबांची जन्ममृत्यूची वही वाळवीने खाल्ली आहे. वरून पुठ्ठा शाबूत, आत भुगा. कुणाचं वय काय, कोण कुणाचं मूल, आता कोण सांगणार? शेवटी स्वयंपाकघरात जाऊन बसले आणि बिबियानाला विचारलं. ती या घरात माझ्याही आधीपासून आहे. तिला सगळं पाठ.

ती कसावा सोलत होती. मी नाव घेई, ती मान वर न करता सांगे.

"अनाक्लेतो?" हा तिचा नवरा, आमचा सुतार.

"पन्नास लिहा."

"पन्नास? मागच्या साली त्याने कोठाराचं अख्खं छप्पर उतरवून पुन्हा चढवलं."

"तेव्हाच कंबर गेली त्याची."

मी लिहिलं: पन्नास, कंबरेचा विकार.

"डेल्फीना एकोणीस ना गं? मोठी गारपीट झाली त्या वर्षीची."

"गारपीट दोनदा झाली, बाई. बावीस लिहा. आणि छातीचं लिहा."

"छातीचं काय?"

"खोकते ना पोर. मागच्या हिवाळ्यापासून."

"मी कधी ऐकलं नाही."

"तुमच्यासमोर दाबते."

मला वाईट वाटलं. डेल्फीना रोज माझ्या खोलीत बसून शिवते, आणि माझ्यासाठी खोकला दाबून धरते. बिबियानाची एकुलती लेक. तिच्या हातासारखी शिलाई गावात कुणाची नाही. मी छातीचा विकार लिहिला.

मग कासिमीराची मुलगी रोझाउरा हिचं नाव निघालं. बिबियानाने सुरी पुसली आणि म्हणाली, "सोळा. बाकी तिच्या आईला विचारा." कासिमीरा निंदणीला लांबच्या टेकडीवर होती. तिच्यासाठी कुठे थांबायचं? मी 'निरोगी' लिहून पुढे गेले.

संध्याकाळपर्यंत यादी झाली. वाचून पाहिली तर आमच्या मळ्यावर एवढी आजारी माणसं आहेत हे मला ठाऊकच नव्हतं. बाबा कधी बोलले नाहीत.

१४ जानेवारी, रविवार

दर रविवारी ती स्वतःच्या मिठाया विकते; आज बिबियानाला गावातून यायला फार उशीर झाला. जेवण थंड. विचारलं तर म्हणाली, चर्चच्या पायऱ्यांवर मिठाईवाल्या बसतात तिथे सेवेकरी वर्तमानपत्र मोठ्याने वाचून दाखवतो, ते ऐकत बसले.

"तुला काय करायचंय वर्तमानपत्राचं?"

"काही नाही, बाई. आवाज छान आहे त्याचा."

मला हसू आलं. पन्नाशीला टेकलेली बाई.

२० जानेवारी, संत सेबास्तियानाचा दिवस

ताई आली. मेजर भाऊजी, दोन पेट्या आणि एक पोपट. सहा वर्षांनी भेटलो. गळ्यात पडून रडलो आणि मग ती घरभर फिरली. तिची पावलं ऐकून घर जागं झाल्यासारखं वाटलं.

"बाबांच्या खुर्चीत तू अजून बसत नाहीस, देओ? मग मी बसते."

बसलीसुद्धा. जेवताना म्हणाली, "हे बघ, मला जमीन नको. तिकडे जमीन लोळत पडली आहे, हात नाहीत. तू टेकड्या ठेव, घर ठेव. मी माणसं जास्त घेते. काय हो?"

भाऊजी म्हणाले, "तरणी माणसं."

"तेच ते. आणि डेल्फीना मला हवी. तिन्ही पोरी वाढताहेत, तिकडे शिवणारीला सोन्याचा भाव."

मी म्हटलं, "ताई, ती मला लागते."

"तुला? तू वर्षाला एक काळा झगा शिवून घेतेस."

सगळे हसले. बिबियाना भात वाढत होती. तिच्या हातून डाव सुटून भांड्यावर आपटला, तेव्हा ताई म्हणाली, "म्हातारी झालीस गं बिबियाना." आणि तिच्या गालाला हात लावला. ताईचा स्वभाव प्रेमळ आहे.

२३ जानेवारी, मंगळवार

डेल्फीनावरून वाद. ताई म्हणते, आईचे निळे कप तुला, डेल्फीना मला. मी म्हटलं, कप सहाच उरलेत. ती म्हणाली, बारा होते. मी म्हटलं, सहा फुटले. मग ती म्हणाली, कपांसोबत चांदीचं साखरपात्र घे. चांदीचं साखरपात्र मला लहानपणापासून आवडतं हे तिला माहीत आहे. मी विचार करते म्हटलं.

खरंच विचार केला. हे लिहायला नको, पण ही वही माझीच आहे.

दुपारी बिबियाना माझ्या खोलीत आली. सहसा येत नाही. दाराशी उभी राहून तिने विचारलं, "बाई, यादी गेली का न्यायाधीशांकडे?"

"कालच गेली."

"लिहिलंय तेच राहणार ना त्यात?"

"आता किंमत ठरवणारे येतील, माणसं बघतील. मग राहील."

ती मान हलवून गेली. तिला बिचारीला कोण कुठे जाणार याची काळजी असावी. मी तिला मागे बोलावून म्हटलं, "तू माझ्याचकडे राहशील, घाबरू नकोस." ती म्हणाली, "हो, बाई." तिचा चेहरा उजळेल असं मला वाटलं होतं.

२७ जानेवारी, शनिवार

किंमत ठरवणारे आले: गावातले औषधविके आणि एक जुने कप्तान. सगळ्या माणसांना कॉफीच्या खळ्यावर रांगेत उभं केलं. दात, हात, पाठ. मी व्हरांड्यात उन्हाकडे पाठ करून बसले होते आणि यादीतलं नाव वाचत होते.

अनाक्लेतो काठी टेकत आला. काल मी त्याला गोठ्याची तुळई उचलताना पाहिलं होतं. कंबर अशीच असते म्हणतात, एक दिवस बरी, एक दिवस नाही.

डेल्फीनाचं नाव घेतलं. ती चार पावलं आली आणि तिला उबळ आली. अशी, की उभं राहवेना. बिबियाना धावली, फडक्याने तोंड पुसलं, आणि फडकं लाल. औषधविके दोन पावलं मागे सरले. त्यांनी स्वतःचा रुमाल नाकाला लावला.

"किती दिवस?"

"वर्ष होत आलं, साहेब."

त्यांनी कप्तानांकडे बघितलं. "तीनशे मिलरेस. तेही जास्त."

मेजर भाऊजी म्हणाले, "अहो, ही पोर दीड हजाराची होती."

"होती," औषधविके म्हणाले.

ताई व्हरांड्यात माझ्या शेजारी होती. तिने माझा हात घट्ट धरला. म्हणाली, "देओ, माझ्या पोरींच्या खोलीत झोपवणार होते मी हिला."

 काल सकाळी डेल्फीना माझ्या खोलीत शिवत होती आणि गुणगुणत होती. रक्त ओकणारी माणसं गुणगुणतात का? डॉक्टरांना बोलवायला हवं.

२८ जानेवारी, रविवार

जेवायला भात पांढरा. बिबियाना म्हणाली, भाताला रंग देणाऱ्या लाल बिया संपल्या. मी आठ दिवसांपूर्वीच मोठी बरणी भरून दिली होती. एवढ्या पाहुण्यांना स्वयंपाक म्हणजे संपणारच, पण बरणीच्या बरणी?

३० जानेवारी, मंगळवार

ताईने डेल्फीनाचा नाद सोडला. मला आनंद झाला आणि लगेच लाज वाटली, कारण आजारी पोरीवरून कसला आनंद. पण ती माझ्याकडे राहणार. दूध, अंडं, उन्हात बसवणं, सगळं करीन.

तिच्या बदल्यात ताईने रोझाउराला मागितलं. "शिवायला शिकवता येईल, बोटं बारीक आहेत. आणि तू स्वतःच निरोगी लिहिलंयस." मी होय म्हटलं. तेवढ्याने सगळं मिटत होतं.

नवीन नियमाप्रमाणे बारा वर्षांखालच्या मुलांना आईपासून तोडता येत नाही. रोझाउरा सोळाची. भाऊजींनी मुद्दाम पुन्हा विचारलं, "सोळा नक्की ना?" मी यादी दाखवली.

१० फेब्रुवारी, शनिवार

वाटणीवर न्यायाधीशांचा शिक्का बसला. मला घर, दोन टेकड्या, जुनी कॉफी, आणि पंधरा माणसं. ताईला सव्वीस माणसं, खेचरं, आणि ओढ्यापलीकडचं रान, जे ती विकून टाकणार आहे. मापं घेणाऱ्याने खुंट्या ठोकल्या तर एक खुंटी पेरूच्या बागेतच आली. चार पेरू आता परक्या जमिनीत. ते कुणाला विकले जातील ठाऊक नाही, पण त्यांच्या फांद्या माझ्या बाजूला आहेत. फांद्या कुणाच्या, ते विचारायचं राहिलं.

माझ्या पंधरांत बिबियाना, अनाक्लेतो आणि डेल्फीना तिघंही आले. बाकीही बहुतेक यादीतले आजारीच. भाऊजी हसून म्हणाले, "तुम्ही इस्पितळ काढताय जणू." मला आतून बरं वाटलं, की ही माणसं माझ्याकडे राहण्यासाठी झुरत असणार. कुणी तसं बोललं नाही, पण अशा गोष्टी बोलतात कुठे?

१२ फेब्रुवारी, सोमवार

ताई गेली. सकाळी सव्वीस माणसं दोनाच्या रांगेत, पाठीवर गाठोडी. ताई रडत होती, मी रडत होते. साखरपात्र ती विसरली की मुद्दाम ठेवून गेली कळत नाही.

रोझाउरा शेवटच्या जोडीत होती. तिची आई कासिमीरा फाटकापर्यंत तिच्या बाजूने चालत गेली, तिच्या गाठोड्याची गाठ पुन्हापुन्हा सोडून बांधत. भाऊजी घोड्यावरून म्हणाले, "देओलिंदाबाई, हिला आवरा."

मी जाऊन कासिमीराच्या दंडाला धरलं. म्हटलं, "पुढल्या वर्षी ताई येईल, तेव्हा आणेल तिला." ताई सहा वर्षांनी आली होती. कासिमीराने माझ्याकडे पाहिलं. मग ती फाटकाशी खाली बसली. रांग वळणाआड गेली तरी तिथेच.

बिबियाना अंगणात आली नाही. मी आत गेले तर ती एकच पातेलं घासत होती. ते केव्हाच स्वच्छ झालं होतं.

२१ फेब्रुवारी, बुधवार

कासिमीरा आणि बिबियाना एकमेकींशी बोलत नाहीत. बिबियानाने तिला शिजवलेलं रताळं पाठवलं, तिने ते डुकरांना टाकलं. वीस वर्षांपासूनच्या मैत्रिणी. कोंबडीवरून काही झालं असेल म्हणून मी विचारलं, तर बिबियाना म्हणाली, "कोंबडीवरून नाही." 

डेल्फीनाला दूध चालू आहे. खोकला जवळजवळ थांबला. मी म्हटलं, डॉक्टरांना बोलावते. बिबियाना म्हणाली, "कशाला, बाई, काढ्याने गुण आलाय." मी म्हटलं, एवढ्या लवकर? ती म्हणाली, "देवाची कृपा." मी देवाचे आभार मानले. दुपारी डेल्फीना धुण्याच्या दगडावर चादरी आपटत होती, दोन्ही हातांनी, डोक्याच्या वरून. एवढी शक्ती काढ्यात असेल तर तो मलाही हवा.

१ मार्च, शुक्रवार

न्यायाधीशांकडून पत्र. तीनदा वाचलं.

त्यात असं आहे, की गुलाम डेल्फीना हिच्या वतीने नऊ फेब्रुवारीला, म्हणजे वाटणीच्या शिक्क्याआधी एक दिवस, तीनशे मिलरेस न्यायालयात जमा झाले. नव्या कायद्याच्या चौथ्या कलमाप्रमाणे वारसांच्या यादीत ठरलेली किंमत भरणाऱ्याला मुक्त होण्याचा हक्क आहे. मालकिणीला हरकत असल्यास आठ मार्चला हजर राहून सांगावी. मालकीण म्हणजे मी.

नवा कायदा आता जन्मणाऱ्या गुलामांच्या मुलांना मोकळं करण्याबद्दल आहे असं सगळे म्हणत होते. त्याला चौथं कलम आहे हे कुणी सांगितलं नाही. वर्तमानपत्र बाबांकडे येई, पण ते फक्त कॉफीचा भाव वाचायचे.

तीनशे मिलरेस. मिठाया, आणि अनाक्लेतो रविवारी विकतो ती स्टुलं. किती स्टुलं?

२ मार्च, शनिवार

बिबियानाला बोलावलं. पत्र टेबलावर ठेवलं होतं. तिला वाचता येत नाही, पण तिने पत्राकडेच पाहिलं.

"तू मला फसवलंस."

तिने ओले हात झग्याला पुसले.

"मी शपथ घेतली होती. देवाच्या पुस्तकावर. तुझ्यावर विसंबून लिहिलं मी."

"तुम्ही विचारलंत, मी सांगितलं. लिहिलं तुम्ही, बाई."

"डेल्फीनाला कधी काही झालं नव्हतंच."

"नाही."

"आणि रक्त?"

तिने भिंतीवरच्या बरण्यांच्या फळीकडे पाहिलं. मला भात आठवला. एकाएकी सगळं आठवलं, काठी, तुळई, गुणगुणणं. मी एवढी मूर्ख कशी, हे मला अजून कळत नाही. सगळं माझ्या डोळ्यांसमोर होतं आणि मी रोज लिहूनसुद्धा ठेवत होते.

मी म्हटलं, "मला वाटलं, तुम्हाला सगळ्यांना माझ्याकडे राहायचंय म्हणून."

बिबियानाने माझ्याकडे पाहिलं. तिचा आवाज कडवट नव्हता, तेच मला लागलं. "रिओ क्लारोपेक्षा तुमच्याकडे बरं. पण राहायचंच असतं असं नाही ना, बाई."

"मला विचारायचं होतंस. मी मृत्युपत्रात तिला मोकळं केलं असतं."

"बाबासाहेबही तसंच म्हणाले होते. डेल्फीना जन्मली तेव्हा एकदा, आणि त्यांना ताप आला होता तेव्हा एकदा."

त्यांच्या मृत्युपत्रात काय होतं ते आम्हा दोघींना ठाऊक आहे. चर्चच्या घंटेसाठी पैसे होते.

८ मार्च, शुक्रवार

न्यायालयात गेले. आठ दिवस ठरवत होते, हरकत घ्यायची. खोटं ते खोटं. रात्री ठरवायचं, सकाळी मोडायचं.

डेल्फीना बापाच्या शेजारी उभी होती, हात पोटावर जोडलेले. खोकत नव्हती. खोकण्याचं नाटकही तिने केलं नाही. सरळ न्यायाधीशांकडे बघत होती. मी तिला आजवर शिवताना पाहिलं आहे, मान खाली घातलेली. ती एवढी उंच आहे हे मला ठाऊक नव्हतं.

न्यायाधीशांनी तिच्याकडे पाहिलं, यादीकडे पाहिलं, मग चष्मा काढला.

"देओलिंदाबाई, यादीवर सही तुमची?"

"माझी."

"यादी खरी आहे?"

मी डेल्फीनाकडे पाहिलं.

"खोटी असेल तर आत्ता सांगा. मग शपथेचा प्रश्न येईल तुमच्या. वाटणीही पुन्हा उघडावी लागेल, बहीणबाईंना रिओ क्लारोहून बोलवावं लागेल. कमी लिहून स्वतःच्या वाट्याला घेतलं असं त्या म्हणू शकतात."

हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. हरकत घेतली तर चोर मी ठरते. बिबियानाला हे आधीच माहीत होतं का? तिला कुणी सांगितलं असेल? की हे आपोआप तसं झालं?

मी म्हटलं, "यादी खरी आहे."

"मोठ्याने सांगा, लिहून घ्यायचंय."

"खरी आहे."

अनाक्लेतो काठीशिवाय आला होता. त्याने टोपी हातात चुरगाळली, बाकी काही नाही.

मी असं का म्हटलं? ताई परत येईल याच्या भीतीने, शपथेच्या लाजेने, की डेल्फीनाकडे बघून? तिन्ही कारणं लिहून पाहिली. प्रत्येक लिहिलं की खोटं वाटतं.

१० मार्च, रविवार

पाद्रीबुवांनी प्रवचनात नाव न घेता माझं कौतुक केलं. एका सद्गुणी बाईने आजारी मुलीला नाममात्र किमतीत मोकळं केलं म्हणाले. बायका येऊन माझा हात दाबून गेल्या. मी कुणालाच काही सांगितलं नाही. औषधविके मात्र लांबून टोपी उचलून निघून गेले.

घरी येताना वाटेत एकदम मनात आलं: वाटणी पुन्हा उघडली असती, तर रोझाउराही परत आली असती. निदान काही दिवस. कदाचित कायमची. मी 'खरी आहे' म्हटलं तेव्हा ते तिच्याबद्दलही म्हटलं. न्यायालयात हे सुचलं नाही. सुचलं असतं तर काय म्हटलं असतं?

स्वयंपाकघरात जाऊन बिबियानाला विचारलं, "डेल्फीनाच्या जागी ताई रोझाउराला नेईल हे तुला वाटलं होतं का?"

तिने चुलीतलं लाकूड पुढे सारलं.

"कुणाला तरी नेणार होत्या," ती म्हणाली.

"मग?"

"मग काय, बाई. कासिमीरा बोलत नाही माझ्याशी. बोलू पण नये. ते माझं मी बघते. तुम्ही 'निरोगी' कुणाला विचारून लिहिलंत, ते तुमचं तुम्ही बघा."

असं ती माझ्याशी आजवर कधी बोलली नव्हती. मला रागवायला हवं होतं. मी तिथेच स्टुलावर बसून राहिले आणि तिने मला कॉफी दिली, नेहमीसारखी, जास्त साखरेची.

ताईला पत्र लिहायला घेतलं, रोझाउराला परत पाठव म्हणून. बदल्यात काय देणार हे ठरेना. दोन ओळींवर थांबलंय.

११ एप्रिल, गुरुवार

महिनाभर वही उघडली नाही. सांगण्यासारखं काही घडलं नाही. ताईचं पत्र तसंच दोन ओळींचं आहे. बिबियानासाठी मृत्युपत्रात काही लिहायचं ठरवलं आहे. वकील गावात असतील तेव्हा.

आज गावात गेले होते. झग्याची बाही उसवली होती. मी स्वतः शिवायला बसले, तर ती सुरकुतली. डेल्फीनाने चर्चमागच्या गल्लीत एक खोली भाड्याने घेतली आहे. दारात बाक, आत टेबल. एरवी मी दुसरीकडे गेले असते, पण गावात दुसरं कुणी चांगलं शिवत नाही.

माझ्या आधी बेकरीवाल्याची बायको होती. डेल्फीनाने तोंडातल्या टाचण्या न काढता मला बाकाकडे बोट दाखवलं. मी बसले. पाव तास तरी बसले असेन. आजवर मी तिच्यासाठी कधी थांबले नव्हते, त्यामुळे थांबताना हातांचं काय करायचं ते कळेना.

बेकरीवाल्याची बायको जाताना म्हणाली, "येते हं, डेल्फीनाबाई." अगदी सहज.

मग माझी पाळी. मी झगा पुढे केला. 'तू' म्हणायला तोंड उघडलं आणि ते जिभेवरच राहिलं. 'तुम्ही' म्हणणं तर त्याहून कठीण. शेवटी कुणालाच न म्हटल्यासारखं विचारलं, "बाही उसवलीय. कधीपर्यंत होईल?"

तिने शिवण उलटी करून पाहिली. "कुणी शिवली ही?"

"मीच."

"उसवून पुन्हा करावी लागेल. पुढच्या गुरुवारी या. अकराच्या आत नको, तेव्हा माझं दुसरं काम असतं."

पैसे किती ते तिने सांगितलं, मी दिले. आणखी काही बोलावंसं वाटत होतं. तब्येत विचारली तर काय अर्थ निघेल, या विचारात दारात उभी राहिले. मागे दोघी बायका आल्या होत्या, म्हणून बाजूला झाले.

वाटभर घोकत आले, पुढच्या गुरुवारी तिला काय म्हणायचं. अजून ठरत नाही.